'के.जी.'मधली बाग : फ्रीड्रिख फ्रोबेल यांचे जीवन



दरवर्षी उन्हाळा जवळ आला की शाळेच्या कार्यालयात एक प्रश्न सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो. के.जी.चे प्रवेश केव्हा सुरू होणार? एल.के.जी. आणि यू.के.जी. ही अक्षरे आता आपल्या घराघरांत पोहे-जिलबीइतकी रुळली आहेत. पण त्यातल्या 'के' आणि 'जी'चा अर्थ विचारला, तर बरेच जण विचारात पडतात. मूळ शब्द आहे किंडरगार्टन. हा जर्मन भाषेतला शब्द. किंडर म्हणजे मुले आणि गार्टन म्हणजे बाग. के.जी. म्हणजे मुलांची बाग!

आपल्या मराठीत 'बालवाडी' म्हणतात. कोकणात नारळी-पोफळीच्या बागेला वाडी म्हणतात, हे आपण जाणतोच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात 'बालवाटिका' हा शब्द आला. वाटिका म्हणजेही बागच. शब्द तीन, भाषा वेगवेगळ्या, पण प्रत्येकात बाग आहे. नवल असे की नावातली बाग टिकली आणि शाळेतली बाग मात्र पुष्कळ ठिकाणी नाहीशी झाली.

ज्या माणसाने हा शब्द जगाला दिला, त्याने तो सहज शोभेसाठी दिलेला नव्हता. त्याचे लहानपण एका बागेत गेले आणि तारुण्याची सुरुवात जंगलात झाली. मुलांना घेऊन रानात जाणे हा त्याच्या शिक्षणाचा पायाच होता. त्याचे नाव फ्रीड्रिख फ्रोबेल. बी.एड. करताना आम्ही हिंदी पुस्तकांतून त्यांच्याविषयी चार ओळी पाठ केल्या होत्या, तशा त्या पुष्कळ शिक्षकांनी केल्या असतील. त्या चार ओळींमागचा माणूस कसा होता, हे या अंकात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आईविना वाढलेले मूल

जर्मनीच्या मध्यभागी थुरिंगिया नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथे दाट जंगले आहेत. त्यातल्या ओबरवाइसबाख या गावी २१ एप्रिल १७८२ रोजी फ्रीड्रिखचा जन्म झाला. रानातल्या औषधी वनस्पतींपासून तेले आणि औषधे बनवून ती दूरदूर विकायची, हा त्या गावाचा जुना व्यवसाय होता. वडील चर्चचे पाद्री होते. कामात गढलेले आणि स्वभावाने कडक. फ्रीड्रिख एक वर्षाचाही झाला नव्हता, तोच त्याची आई वारली.

तो तीन वर्षांचा असताना वडिलांनी दुसरे लग्न केले. नव्या आईने सुरुवातीला त्याला जवळ घेतले. पुढे तिला स्वतःचे मूल झाले आणि तिचे मन फिरले. आपल्या माणसाला 'तू' म्हणतात तसे म्हणणेही तिने सोडले आणि परक्याशी बोलावे तसे ती त्याच्याशी बोलू लागली. लहान मुलाला एवढे कळायला वेळ लागत नाही. वडिलांनाही तो मंदबुद्धीचा वाटे.

चर्चशेजारच्या त्या घराभोवती भिंती आणि कुंपणे होती. अंगणाबाहेर जायला त्याला मनाई होती. मग त्याच्या वाट्याला काय आले? डोक्यावरचे आकाश, समोरचा डोंगर आणि घरामागची बाग. वडिलांबरोबर बागेत काम करता करता तो पाने-फुले न्याहाळत बसे. घरात ज्याच्याशी बोलायला कोणी नव्हते, त्या मुलाचे सोबती झाडे झाली.

या काळातली एक घटना त्यांनी पुढे आयुष्यभर लक्षात ठेवली. घरी पाद्री असलेल्या वडिलांकडे लोक आपापली भांडणे आणि दुःखे घेऊन येत. ते ऐकून या मुलाच्या मनाला फार त्रास होई. एकदा थोरला भाऊ ख्रिस्टोफ सुटीत घरी आला होता. त्याने हेझलच्या झुडपावरचे बारीक जांभळट तंतू फ्रीड्रिखला दाखवले आणि फुलांतही नर आणि मादी असतात, त्यांच्यापासून फळ तयार होते, हे समजावून सांगितले. गोष्ट छोटीशी, पण त्या मुलाला मोठा आधार मिळाला. माणसांच्या जगात गोंधळ दिसत असला तरी निसर्गात एक व्यवस्था आहे आणि ती पाहता येते, हे त्याला त्या झुडपापाशी उमगले.

पुढे १७९२ साली, दहा वर्षांचा असताना, त्याच्या आईच्या भावाने त्याला श्टाटइल्म या गावी आपल्या घरी नेले. मामाच्या घरी त्याला प्रथमच मोकळीक मिळाली. शाळा सुटली की इतर मुलांबरोबर बाहेर खेळायला जाता येई. आरंभी त्याला धड खेळताही येत नव्हते. बंद अंगणात वाढल्यामुळे अंगात ना ताकद होती, ना चपळाई. हळूहळू ती आली. मामाच्या गावाचे महत्त्व आपल्या मुलांना वेगळे सांगायला नको!

जंगलातली दोन वर्षे

पंधराव्या वर्षी पुढे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. थोरल्या भावांप्रमाणे विद्यापीठात पाठवण्याइतका हा मुलगा हुशार नाही, असे घरच्यांचे मत होते. म्हणून १७९७ साली त्याला जाले नदीकाठच्या हिर्शबर्ग इथे एका वनपालाकडे उमेदवारीसाठी ठेवले. वनपाल आपल्या कामात वाकबगार होता, पण त्याला शिकवायची हातोटी नव्हती आणि वेळही नव्हता. मुलगा बराचसा एकटाच असे.

आजच्या पालकांना वाटेल की मुलाची दोन वर्षे वाया गेली. तसे झाले नाही. फ्रीड्रिखने वनपालाच्या कपाटातली पुस्तके वाचली, भूमितीचा अभ्यास केला, जवळच्या गावातल्या एका डॉक्टरांकडून वनस्पतिशास्त्राची पुस्तके आणली. दिवसा रानात हिंडून झाडे-झुडपे गोळा करायची आणि नंतर पुस्तकात त्यांची ओळख पटवायची, असा त्याचा क्रम होता. आसपासच्या भागाचा एक नकाशाही त्याने तयार केला. उमेदवारी संपली तेव्हा वनपालाने वडिलांकडे त्याची तक्रारच केली. प्रमाणपत्राच्या दृष्टीने पाहिले तर हा विद्यार्थी नापास! पण पुढे ज्या माणसाने जगाच्या बालशिक्षणाची दिशा बदलली, त्याचे मन या दोन वर्षांत तयार झाले.

१७९९ मध्ये तो येना विद्यापीठात शिकणाऱ्या भावाला पैसे पोहोचवायला गेला आणि तिथलाच विद्यार्थी झाला. निसर्गविज्ञानाचे वर्ग त्याला आवडले, पण पैशांची तंगी कायमची. कर्ज फिटले नाही म्हणून विद्यापीठाच्या कोठडीत त्याला नऊ आठवडे काढावे लागले. १८०२ मध्ये वडील वारले. त्यानंतर जंगल खात्यात कारकुनी, जमीन मोजणी, हिशेबनीस अशी एकामागून एक कामे त्याने केली. तेवीस वर्षांचा झाला तरी आपण कशासाठी जन्मलो हे त्याला ठाऊक नव्हते. दहावी-बारावीच्या निकालावर संपूर्ण आयुष्य ठरवणाऱ्या आपण सर्वांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

शिक्षक झाले

१८०५ साली वास्तुशास्त्र शिकायच्या इराद्याने फ्रोबेल फ्रँकफर्टला गेले. तिथे एका नमुनेदार शाळेचे मुख्याध्यापक आंटोन ग्रूनर यांची भेट झाली. ग्रूनर यांनी त्यांच्यातला शिक्षक ओळखला आणि त्यांना आपल्या शाळेत घेतले. वर्गात उभे राहताच फ्रोबेल यांना आपली जागा सापडली. त्याच वर्षी ते स्वित्झर्लंडमधल्या इव्हर्डन इथे जाऊन थोर शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांची शाळा पाहून आले.

१८०६ पासून ते एका श्रीमंत कुटुंबातल्या तीन मुलांचे खाजगी शिक्षक झाले. मुलांच्या वडिलांनी शेताचा एक तुकडा दिला. त्यावर फ्रोबेल आणि मुले मिळून बागकाम करू लागली. स्वतः पिकवलेले फळ-फूल आईवडिलांना देताना मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे, तो त्यांनी पाहून ठेवला. १८०८ ते १८१० या काळात याच मुलांना घेऊन ते पुन्हा पेस्टालोझींकडे राहिले. तिथे ते शिकवतही होते आणि शिकतही होते.

पुढची काही वर्षे त्यांनी गटिंगेन आणि बर्लिन इथे विज्ञानाच्या अभ्यासात घालवली. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते स्वयंसेवक सैनिक म्हणून गेले. तिथे त्यांना लांगेटाल आणि मिडेनडॉर्फ हे दोन जन्माचे मित्र मिळाले. युद्धावरून परतल्यावर बर्लिनच्या खनिज संग्रहालयात प्राध्यापक वाइस यांच्या हाताखाली स्फटिकांची मांडणी करण्याचे काम मिळाले. दगडाच्या आत दडलेल्या सुबक आकृती पाहताना त्यांना पुन्हा तेच जाणवले, जे लहानपणी हेझलच्या झुडपापाशी जाणवले होते. निसर्गात नियम आहे, आणि जे दगडात आणि रोपात आहे ते मुलातही आहे. रोप जसे आतून वाढते, तसेच मूल आतून वाढते. माळी रोपाला ओढून उंच करत नाही. तो माती, पाणी आणि ऊन यांची सोय पाहतो.

काइलहाउची शाळा

भाऊ ख्रिस्टोफ युद्धकाळात आजारी सैनिकांची सेवा करताना तापाने वारला होता. त्याची मुले पोरकी झाली. त्यांच्या शिक्षणासाठी फ्रोबेल यांनी बर्लिनची चांगली नोकरी सोडली. १८१६ साली ग्रीसहाइम या खेड्यात पाच पुतण्यांना घेऊन त्यांनी शाळा काढली. पाच विद्यार्थी आणि एक शिक्षक! दुसऱ्याच वर्षी ही शाळा रुडोलश्टाटजवळच्या काइलहाउ या गावी गेली. लांगेटाल आणि मिडेनडॉर्फ येऊन मिळाले. गाव डोंगरांच्या कुशीत होते आणि चहूबाजूंना रान होते. 

काइलहाउमध्ये मुले भाषा आणि गणित शिकत, तशीच रानात भटकत, पोहत, ओढ्यावर बांध घालत आणि टेकडीवर दगडांचे छोटे किल्ले रचत. किल्ल्याचे नाव निघाल्यावर आपल्या मुलांचे कान टवकारले असतील. दिवाळीत अंगणात माती कालवून शिवाजी महाराजांचा किल्ला करणाऱ्या मुलांना दगड कसा बसतो, उतारावर माती का घसरते, आळीव किती दिवसांत उगवतो, हे कोणी शिकवावे लागत नाही. महाराष्ट्रापासून दूर राहूनही आपल्या समाजाने ही प्रथा जपली आहे. फ्रोबेल यांनी ती पाहिली असती तर त्यांना नक्कीच संतोष वाटला असता.

१८२६ मध्ये त्यांनी 'माणसाचे शिक्षण' या अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. ते वाचायला सोपे नाही. पण त्यातले काही विचार प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने जाणून घेण्यासारखे आहेत. म्हणून ते आम्ही आपल्या शब्दांत सांगतो.

पहिला विचार असा की आठवड्यातून निदान एकदा तरी शिक्षकाने मुलांना घेऊन शेता-रानात जावे. मेंढरांचा कळप हाकावा तसे नव्हे, तर बापाने मुलांना बरोबर घ्यावे तसे.

दुसरा विचार शिक्षकांना धीर देणारा आहे. आपल्याला झाडांची नावे येत नाहीत, मग मुलांना काय दाखवणार, अशी सबब सांगू नये. नाव नंतर कळले तरी चालते. आधी नीट पाहावे, आणि मुलांबरोबर आपणही शिकावे. आमच्या शाळेपुरते सांगायचे तर इथे हा प्रश्न आणखी मजेशीर आहे. आजी ज्याला पळस म्हणते त्याला शिपाई काका खाखरा म्हणतात आणि हिंदीच्या पुस्तकात तो टेसू असतो. आजीची साळुंकी ही बाईंची मैना, आणि भारद्वाज हा महोख. नावे तीन असली तरी झाड एकच आहे. मुलाने ते झाड एकदा हाताने ओळखले की तिन्ही भाषा आपोआप त्याच्या होतात.

तिसरा विचार आई-वडिलांसाठी आहे. मुलगा झाडावर चढला की आपण खालून ओरडतो. फ्रोबेल म्हणतात की उंचावरून जग वेगळे दिसते आणि तो अनुभव मुलाला खालून मिळत नाही. शिवाय ज्याला चढायची सवय आहे त्याला आपली ताकद ठाऊक असते. ज्याला कधी चढूच दिले नाही, तो एखाद्या दिवशी अचानक चढतो आणि त्यालाच जास्त धोका असतो. मूल दगड उलटून त्याखालचे किडे पाहते, खिशात खडे भरून आणते, ते उनाडपणामुळे नव्हे. ते जगाची चौकशी करत असते. त्या वेळी त्याला झिडकारले तर ते पुन्हा विचारायला येत नाही.

ही शाळा वाढत होती. साठाच्या आसपास विद्यार्थी झाले. पण तो काळ संशयाचा होता. मोकळ्या रानात वाढणारी, लांब केस राखणारी ही मुले उद्या सरकारविरुद्ध उठतील, असे प्रशियाच्या सत्ताधाऱ्यांना वाटू लागले. त्यांच्या दबावामुळे तपासणी झाली. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने शाळेची प्रशंसाच केली. इथे शिक्षक आणि विद्यार्थी एका कुटुंबासारखे राहतात, असे त्याला आढळले. तरीही एकदा पसरलेली कुजबुज थांबली नाही. पालकांनी मुले काढून घेतली. १८२९ पर्यंत शाळेत अवघी पाच मुले उरली. संस्था चालवणाऱ्यांना या आकड्याची वेदना समजू शकेल.

पन्नाशीनंतरचे काम

१८३१ मध्ये फ्रोबेल स्वित्झर्लंडला गेले आणि काही वर्षे तिथे काम केले. १८३५ पासून बुर्गडॉर्फ इथल्या अनाथाश्रमाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मोठ्या मुलांना शिकवता शिकवता त्यांच्या मनात पक्के झाले की शाळेत येण्याच्या आधीची वर्षेच सर्वांत मोलाची आहेत, आणि त्याच वर्षांकडे कोणाचे लक्ष नाही. त्या काळी इतक्या लहान मुलांना शिक्षणाची गरज असते हेच पुष्कळांना पटत नव्हते.

जर्मनीत परतून १८३७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांच्या खेळासाठी संस्था सुरू केली. लोकरीचे मऊ रंगीत चेंडू, लाकडी गोल, लाकडी नळकांडे, ठोकळा आणि ठोकळ्याचे लहान लहान भाग अशी खेळणी त्यांनी तयार केली. खेळ हेच लहान मुलाचे खरे काम आहे, हे त्यांनी प्रयोगाने दाखवून दिले. १८३९ मध्ये पत्नी हेनरिएटा यांचे निधन झाले, तरी काम थांबले नाही.

संस्थेला नाव मिळत नव्हते. शाळा म्हणावे तर ती शाळा नव्हती. एकदा सहकाऱ्यांबरोबर काइलहाउहून ब्लांकेनबुर्गला डोंगरवाटेने चालत येत असताना खालचे हिरवे खोरे त्यांच्या दृष्टीस पडले आणि किंडरगार्टन हा शब्द सुचला, असे सांगतात. २८ जून १८४० रोजी या नावाने संस्थेची रीतसर स्थापना झाली. हे नाव टेबलाशी बसून नव्हे, डोंगर चढताना सुचले, हे आम्हाला विशेष वाटते.

आणि ही बाग नुसती नावाची नव्हती. फ्रोबेल यांच्या योजनेत प्रत्येक मुलाला स्वतःचा एक लहान वाफा होता. त्यात मुलाने हवे ते लावावे, उपटावे, पुन्हा लावावे. चुकले तर रोपच त्याला सांगेल. या लहान वाफ्यांच्या भोवती सर्वांचे मिळून मोठे वाफे असत. एकीकडे फुले, दुसरीकडे भाज्या आणि धान्य. मोठ्या वाफ्यांची निगा सर्वांनी राखायची. माझे काय आणि आपल्या सर्वांचे काय, आणि दोन्हींची काळजी कशी घ्यायची, हा नागरिकशास्त्राचा धडा चार वर्षांच्या मुलाला पुस्तकाविना मिळत होता.

१८४४ मध्ये त्यांनी आई आणि बाळ यांच्यासाठी गाण्यांचे आणि बोटांच्या खेळांचे पुस्तक काढले. स्त्रिया या उत्तम शिक्षिका होऊ शकतात असे ठामपणे सांगून त्यांनी तरुणींचे प्रशिक्षण सुरू केले. आज जगभर बालवाड्यांत शिकवणाऱ्या बाई ही त्यांचीच देणगी आहे. १८५० च्या ऑगस्टमध्ये आल्टनश्टाइन इथल्या बागेत त्यांनी मोठा बालमेळा भरवला. गावोगावची मुले एकत्र येऊन मोकळ्या हवेत खेळली.

बंदी आणि अखेर

त्यांच्या आयुष्यात आता कुठे समाधानाचे दिवस आले होते. तोच ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. या संस्था मुलांना धर्मापासून दूर नेतात आणि समाजवाद शिकवतात, असा आरोप होता. वस्तुतः आरोपाचा रोख त्यांचा पुतण्या कार्ल फ्रोबेल याच्या पुस्तिकेवर होता. सरकारने नावाच्या सारखेपणामुळे दोघांची गल्लत केली. फ्रोबेल यांनी खुलासा केला, चौकशी करण्याची विनंती केली, पण उपयोग झाला नाही. आयुष्यभर देवाचे रूप निसर्गात पाहणाऱ्या माणसावर नास्तिकतेचा ठपका आला. मुलांच्या वाफ्यांना एका बलाढ्य राज्याने घाबरावे, हा इतिहासातला विचित्र प्रसंग आहे.

२१ जून १८५२ रोजी मारिएनटाल इथे सत्तर वर्षांचे फ्रोबेल निवर्तले. अखेरच्या आजारातही त्यांना खिडकी उघडी हवी असे आणि जवळची फुले जपून हाताळली जावीत अशी त्यांची इच्छा असे. जवळच्या श्वाइना गावी त्यांची समाधी आहे. तिच्यावर ठोकळा, नळकांडे आणि गोल असे एकावर एक रचलेले दगड आहेत. बंदी उठलेली त्यांना पाहता आली नाही. ती १८६० मध्ये उठली. त्यासाठी बर्था फॉन मारेनहोल्त्स-ब्यूलो या त्यांच्या अनुयायी महिलेने अथक प्रयत्न केले.

बाग कुठे हरवली?

बंदीमुळे बी वाऱ्यावर उडाले आणि दूरवर रुजले. १८५६ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउन गावी मार्गारेटा शुर्त्स यांनी आपल्या घरी किंडरगार्टन काढले. १८७६ मध्ये ते जपानला पोहोचले. आपल्या मराठी समाजाशीही याचा जवळचा संबंध आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना त्यांनी ही पद्धती स्वतः शिकून घेतली. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, त्यामागे हा अभ्यासही होता. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाड इथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी थेट कुरणातच शाळा नेली. त्यांची वाट माँटेसोरी बाईंच्या विचारातून आलेली होती, पण त्या कुरणशाळेत फ्रोबेल यांचे मन रमले असते यात शंका नाही.

मग बाग हरवली कशी? आम्हाला त्याचे कारण साधे वाटते. चेंडू आणि ठोकळे पेटीत भरून कुठेही पाठवता येतात, बाग पेटीत भरता येत नाही. शहरे वाढली, जागा महाग झाली. मुले बाकांवर बसून ठोकळे रचू लागली, नंतर ठोकळे जाऊन पाटी आली आणि आता तर चार वर्षांच्या मुलाला घरचा अभ्यास असतो. ज्या देशात हे सुरू झाले, तिथे लोकांना ही उणीव जाणवली. जर्मनीत १९९३ मध्ये फ्लेन्सबुर्ग इथल्या जंगलातल्या बालवाडीला शासनाची मान्यता मिळाली. आज तिथे अशा शेकडो वन-बालवाड्या आहेत. मुले पाऊस असो वा थंडी, रानातच खेळतात आणि शिकतात.

आपले काय?

आपले इंदूर स्वच्छतेसाठी देशभर नावाजले गेले आहे आणि आपल्या सर्वांना त्याचा अभिमान आहे. पण माती म्हणजे घाण नव्हे, एवढा फरक मुलांना कळलाच पाहिजे. सहलीसाठी आपल्याजवळ रालामंडल आणि चोरलचे रान आहे. रोजच्यासाठी मात्र शाळेच्या मागचे अंगणच आहे. त्याच्या निम्म्या भागात पेव्हर ब्लॉक बसले आहेत. उरलेल्या निम्म्या भागात कडुनिंब आहे, चिंच आहे आणि माती आहे. पावसाळ्यात मुलांचे गणवेश चिखलाने भरतात, अशी पालकांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. तोही भाग पक्का करावा असा प्रस्ताव विश्वस्त मंडळासमोर आहे. त्यामागचा हेतू चांगला आहे हे आम्ही जाणतो.

तरीही आमची नम्र विनंती आहे की तेवढी माती राहू द्यावी. तिथे के.जी.च्या मुलांसाठी लहान वाफे आणि त्यांच्या भोवती सर्वांचे मोठे वाफे करता येतील. मेथी, कोथिंबीर, झेंडू एवढ्याने सुरुवात पुरे. नळाजवळ पाय धुण्याची सोय आणि बागेच्या दिवसासाठी जुने कपडे, एवढे केले तर गणवेशाचा प्रश्नही सुटेल. चिंचेवर किती उंच चढायचे याची मर्यादा आम्ही ठरवू आणि खाली एक शिक्षक उभे राहतील. ज्या आजी-आजोबांना बागकामाची आवड आहे त्यांनी आठवड्यातून एक तास दिला, तर मुलांना रोपांबरोबर मराठी शब्दही मिळतील. वाफा, आळे, अंकुर, पालवी, मोहोर, हे शब्द फळ्यावर लिहून फार दिवस टिकत नाहीत.

फ्रोबेल यांची पुण्यतिथी २१ जूनला असते. त्याच सुमारास आपली शाळा उघडलेली असते आणि माळव्यात पावसाची चाहूल लागते. पेरणीला याहून चांगला मुहूर्त कोणता? विश्वस्त मंडळाने अनुमती दिली, तर त्या आठवड्यात पहिले बी के.जी.च्या चिमुकल्या हातांनी पडेल. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मात्र मंडळाच्या निर्णयाची वाट पाहू नका. घराजवळचे एक झाड आजच निवडा आणि वर्षभर त्याच्याकडे लक्ष ठेवा. पाने केव्हा गळतात, पालवी केव्हा फुटते, कोणता पक्षी येतो, ते वहीत लिहा. नाव माहीत नसले तरी हरकत नाही. ते आपण मिळून शोधू.